पगडी दिसली, सेवा दिसली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडातल्या पगडीधारी शीख मोटरसायकलस्वारांना हेल्मेटमधून मिळालेल्या सवलतीबद्दल आपल्या पानावर काही दिवस पत्रं येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच, कायदा सगळ्यांना सारखा हवा. मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी अपघात विभागात. डोक्याला मार लागून आलेली विशी-पंचविशीतली पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांना व्हरांड्यात धरून बसले आहे. हेल्मेट हवंच, या माझ्या मतात काडीचा फरक पडणार नाही. तरीही या पत्रांमधून एक गोष्ट पार सुटली आहे, म्हणून लिहिते.

माझी लेक कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरे शहरात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथल्या वैशाखीच्या नगरकीर्तनाला, म्हणजे शिखांच्या मिरवणुकीला, गेलो. पालखीसोबत मोटरसायकलींची लांबलचक रांग होती. केशरी, निळ्या, काळ्या पगड्या, पांढऱ्या दाढ्या, अंगात चामड्याची जाकिटं. बरेच जण साठीच्या पुढचे. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराघरांतून आणलेलं जेवण फुकट वाटलं जात होतं. रांग थांबली तशी त्यातला एक जण उतरला, हातमोजे काढून टाकीवर ठेवले, शेजारच्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी घेऊन हात धुतले आणि सरळ डाळ वाढायला उभा राहिला. स्वतः जेवला नाही. आधी वाढलं.

मी नांदेडची आहे असं लेकीने त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांच्या हातातला डाव तसाच थांबला. "हजूर साहिब तों आए हो?" असं म्हणून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून वयाने मोठा माणूस! मी गोंधळलेच. हजूर साहिब म्हणजे आमचा सचखंड गुरुद्वारा. आम्ही नांदेडकर त्याच्या सावलीत वाढलो, लंगरात कितीदा पंगतीला बसलो. १७०८ मध्ये गुरु गोबिंदसिंगजी जिथे ज्योतीत विलीन झाले, त्या गावची माती इतक्या दूरवर कुणाच्या मनात कशी असते, ते त्या दिवशी कळलं.

हेल्मेटचा विषय मी काढलाच, राहवेना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. धोका ठाऊक आहे, म्हणाले. म्हणून तर आम्ही वेगाच्या नादी लागत नाही आणि नवख्याला मधल्या रांगेत ठेवतो. माझी काळजी त्याने मिटली नाही. पण हा हट्ट किंवा पळवाट नाही, एवढं पटलं. ब्रिटनने १९७६ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच पगडीधारी शिखांना सूट आहे, हे पत्रलेखकांपैकी कुणीच लिहिलं नाही. ब्रिटिश कोलंबियात १९९९ मध्ये ही सवलत मिळाली ती मानवी हक्कांचा दावा लढून. अल्बर्टा आणि ओंटारियो या प्रांतांना त्यासाठी २०१८ उजाडलं. आणि सस्कॅचेवान प्रांताने २०२३ मध्ये नियम शिथिल केला, तो धर्मादाय मोहिमांसारख्या ठरावीक कार्यक्रमांपुरता. 'लिजेंडरी शीख रायडर्स' हा गट निधी जमवायला देशभर निघणार होता, त्यांनी तशी विनंती केली होती. म्हणजे ज्या सवलतीवर आपण वाद घालतो आहोत, तिच्या मुळाशीही कुणासाठी तरी केलेली धडपड आहे.

सरेचा 'शीख मोटरसायकल क्लब' २००२ चा. २०१९ मध्ये, गुरु नानकदेवांच्या ५५०व्या प्रकाशपर्वाच्या वर्षी, त्यातले सहा जण मोटरसायकलींवरून पंजाबला आले. युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, वाटेत गुरु नानकांच्या जन्मस्थानाचं, ननकाना साहिबचं, दर्शन आणि मग वाघ्याची सीमा. वीसहून जास्त देश, सुमारे चाळीस दिवस. हौस होतीच, ती का नसावी? पण वाटेत जमवलेला पैसा 'खालसा एड' या मदतकार्य करणाऱ्या संस्थेसाठी होता. 'किरत करो, नाम जपो, वंड छको' ही शिकवण आम्ही नांदेडला लहानपणापासून ऐकतो. कष्ट करा, नाम घ्या, वाटून खा. या मंडळींनी ती गाडीवर बसवली.

रस्ता आणि लंगर यांचं नातं आपल्याला नवीन आहे का? २०२० च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ महामार्गावर बाबा कर्नैलसिंग खैरा यांनी पत्र्याच्या शेडमध्ये लंगर चालवला. वय ८१. पायी निघालेले मजूर, ट्रकवाले, लेकरंबाळं, अशी लाखो माणसं तिथे जेवून पुढे गेली. कुणाला जात-धर्म विचारला नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका मुलाने स्वतःच्या मोटरसायकलवरून मैलोन्‌मैल औषधं पोचवली, ते मला अजून आठवतं.

पुण्या-नाशिकहून दर रविवारी शेकडो मोटरसायकली गडकिल्ल्यांकडे निघतात. त्यांतले काही गट रक्तदान करतात, आदिवासी पाड्यांवर वह्या-पुस्तकं नेतात. त्यांच्याही बातम्या क्वचितच दिसतात. दिसतो तो अपघात किंवा हुल्लडबाजी. हेल्मेटचा वाद आपण जरूर चालवा, मीही हेल्मेटच्याच बाजूने लिहीन. फक्त अशा मोटरसायकलस्वाराचं छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली, पगडीवाला माणूस गाडी घेऊन कुठे आणि कशासाठी निघाला होता, त्याच्याही चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नांदेड