जीपला हात घालण्याआधी

नाशिक, 9 जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि जीपचे फोटो मिळाले. शेवटी घेतलीसच! एमएम 540, आणि तीही खालून शाबूत. कॉलेजात असताना त्र्यंबकच्या रस्त्यावर अशी जीप दिसली की आपण सायकली थांबवून बघत राहायचो, ते सगळं आठवलं.

तुझी यादी वाचली: 31 इंची टायर, मोठा बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा). यातलं आधी काहीही करू नकोस. आधी रुतलेली गाडी ओढून काढायला पट्टा अडकवायची जागा पक्की कर.

दोन पावसाळ्यांपूर्वी इगतपुरीकडच्या एका ओढ्यात माझी गाडी पोटापर्यंत रुतली. पुढच्या बंपरला मी स्वतः वेल्ड केलेला हुक होता. दुसऱ्या जीपने पट्टा लावून झटका दिला आणि तो हुक पत्र्यासकट उखडून तिच्या फाळक्यावर जाऊन आदळला. मागच्या सीटवर त्या माणसाचा मुलगा बसला होता. त्याला काही झालं नाही, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वेल्डिंग सुटलं नव्हतं, पत्रा फाटला होता. हुक तीन मिमीच्या बंपरवर होता, चासीशी, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याशी, त्याचा काही संबंधच नव्हता.

म्हणून तू पट्टा अडकवायला चासीच्या दोन्ही दांड्यांना 10 मिमीच्या प्लेटा लाव. बोल्ट आरपार घाल, किमान 8.8 ग्रेडचे, आणि आत पाइपचा तुकडा ठेव म्हणजे आवळताना दांडी चेपणार नाही. पट्टा प्लेटेला जोडणाऱ्या पाऊण इंची शॅकलवर (पिन असलेली लोखंडी कडी) 4.75 टन असा झेपणारा भार कोरलेला असतो. काहीच कोरलेलं नसेल तर ते घेऊ नकोस. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा तर कधीच अडकवू नकोस.

चासी धुऊन, खरवडून स्टिअरिंग बॉक्सपाशी आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी चीर शोध. सापडली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाड, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने खाच करून ती वेल्डिंगने भर. वरून पट्टी मारशील तिची टोकं निमुळती ठेव. सरळ उभी कापलीस तर सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि पुढच्या वर्षी चासी तिथेच तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढ. अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लाव, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात. पाट्यांना मात्र वेल्डिंगचा रॉड टेकवूही नकोस. ते पोलाद पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने कडेला ठिसूळ होतं. रोल केजसाठी कुणी गॅल्व्हनाइज्ड पाइप दाखवला तर नको म्हण. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी तो काढलेला आहे.

आता माझं सगळ्यात लाडकं काम सांगतो. ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं तोंड. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. आठवड्याने तेल दुधासारखं झालेलं दिसतं, तोवर बेअरिंगला गंज चढलेला असतो. डिझेलची साधी रबरी नळी ब्रीदरला जोडून बॉनेटखाली वर नेऊन बांध, दोन्ही ॲक्सलना. एवढ्या थोड्या पैशांत गाडीसाठी याहून चांगलं काही करता येत नाही, असं मी मनापासून मानतो.

टायरचं सांगायचं तर, 28 इंचांवरून 31 वर गेलास की मीटर 60 दाखवेल तेव्हा तू 66 ने धावत असशील आणि ब्रेक तेच जुने असतील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचना बदलता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मोठ्या लोखंडी बंपरवर तर केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. पायी चालणाऱ्याला तो बंपर लागला तर काय होईल, हा विचार केल्यापासून मी माझा काढून टाकलाय.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये. प्लेटा मी कापून ठेवतो. फक्त चासीच्या दांडीची रुंदी आणि उंची मोजून कळव, दोन्ही बाजूंची वेगवेगळी. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सायकलवरचा सोबती