मीठ-मिरीच्या जुन्या बाटल्या भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आपल्या कोल्हापुरात जुन्या घरांतनं काय काय भंगारात जातंय ते बघून लई वाईट वाटतं. त्यातच असतात डायनिंग टेबलावरच्या त्या काचेच्या मीठ-मिरीच्या बाटल्या, दुधी काच, वर हातानं रंगवलेली फुलं आणि छिद्रांचं धातूचं टोपण. टोपण गंजलं म्हणून लोक टाकतात, पण मीठ धातूला खातंच, त्यात आपला पावसाळा, त्यामुळं जुन्या काचेवर नंतरचं टोपण बसवलेलं कितीतरी वेळा सापडतं, म्हणून टोपणावरनं वय ठरवू नका.

काच बघा. फुलांवरनं बोट फिरवा, भट्टीत भाजून पक्कं केलेलं इनॅमल, म्हणजे काचेसारखा रंग, जरा उंच लागतं आणि सहज निघत नाही, नुसता वरनं लावलेला रंग नखानं सुद्धा सुटतो. मग तळ उजेडात धरा, खऱ्या वापराचे ओरखडे टेकणाऱ्या कडेवरच आणि वेडेवाकडे असतात, सगळे एका दिशेनं दिसले तर घासून जुनी केलेली असू शकते. तळाला देशाचं नाव असलं तर ती बहुतेक 1891 नंतरची, कारण तेव्हापासनं अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, पण नाव नाही म्हणजे त्याआधीचीच असं मात्र अजिबात समजू नका! अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या माउंट वॉशिंग्टन कंपनीच्या अंड्याच्या, टोमॅटोच्या आकाराच्या बाटल्या आज कलेक्टर लोक शोधत फिरतात आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर शिक्काच नसतो. त्याच कंपनीची 1885 ची ‘बर्मीज’ नावाची काच गुलाबीतनं पिवळ्यात उतरत जाते, त्यात युरेनियम असल्यानं अंधारात युव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च मारला की हिरवट चमकते. अर्थात युरेनियमची काच आजही बनते, नुसत्या चमकण्यावर भुलून पैसे देऊ नका.

आणि कृपा करून तारेच्या घासणीनं घासू नका, सोनेरी काम पहिल्यांदा जातं. कोमट पाणी आणि मऊ फडकं बास. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं रोजच्या मिठासाठीही वापरू नका.

आपल्या टाऊन हॉल म्युझियमनं महिन्यातनं एक दिवस लोकांच्या घरच्या अशा वस्तू जाणकारांकडनं बघून द्याव्यात, फोटो काढून नोंद ठेवावी, एवढी मागणी आहे. आपण पेपरातनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला एक वाचक,
कोल्हापूर