मास्तर, यादी निम्मी कर

सांगली
रविवार

प्रिय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. गणपतीत सोसायटीच्या मंडपात अर्ध्या तासाचा जादूचा कार्यक्रम करायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. यादी नीट वाचली. पहिलं सांगणं हेच की ती निम्मी कर. त्यातले बरेचसे प्रयोग जादूगारांनी जादूगारांसाठी रचलेले आहेत, आणि उरलेल्यांतले काही तुझ्या अंगावर बसणारे नाहीत.

पत्त्यांपासून सुरुवात करतो, कारण यादीत तेच जास्त आहेत. चार एक्के चार ढिगांत ठेवायचे, मग ते एकेक करून एकाच ढिगात जायचे, मग त्यांचे राजे व्हायचे, आणि शेवटी सगळ्या पत्त्यांच्या पाठीचा रंग बदलायचा. तुला-मला हे बघताना मजा येते, कारण आत किती हात चालतोय हे आपल्याला कळतं. मंडपातल्या काकूंना ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. कुठला एक्का कुठल्या ढिगात होता हे लक्षात ठेवण्यातच त्या थकतात. शेवटी टाळ्या वाजवतात, पण त्या तुझं मन राखायला. शिवाय तिसऱ्या रांगेपलीकडे बदामाचा एक्का आणि चौकटचा एक्का सारखाच दिसतो.

विसाव्या शतकातले पत्त्यांचे जादूगार ज्याला गुरू मानतात तो डाय व्हर्नन सांगायचा, की गोंधळ म्हणजे जादू नव्हे. 1922 साली शिकागोत त्याने हुडिनीला, बेड्यांतून सुटण्यासाठी गाजलेल्या त्या जादूगाराला, दाखवलेला प्रयोग तुला माहीत आहे. कुठलाही प्रयोग तीनदा बघितला की मी ओळखतो, असा हुडिनीचा दावा होता. व्हर्ननने त्याला एका पत्त्यावर आद्याक्षरं लिहायला लावली, तो पत्ता वरून दुसरा म्हणून आत सरकवला, आणि वरचा पत्ता उलटला तर तोच. पुन्हा आत, पुन्हा वर. हुडिनी बघत राहिला आणि त्याला उलगडा झाला नाही. यातली हातचलाखी कितीही बारीक असो, गोष्ट एवढीच आहे: पत्ता आत घातला, तो वर आला. पाचवीतलं पोर घरी जाऊन आजीला सांगू शकेल.

प्रयोग निवडताना मी हेच बघतो. बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी चहा घेताना तो दोन वाक्यांत सांगू शकतो का? सांगता येत नसेल तर त्याच्यापुरता तो प्रयोग झालेलाच नाही. आणि सांगता येत असेल तर एक सुंदर गोष्ट घडते: सांगताना तो प्रयोग मोठा होत जातो. तुझ्या यादीतल्या नोटेच्या प्रयोगात तू नोट हातात घेतलेली असतेस, पण सांगणारा शपथेवर सांगतो की मास्तरांनी नोटेला बोटही लावलं नाही. ही भर प्रेक्षक आपल्या मनाने घालतो. ती घालायला जागा हवी, म्हणून गोष्ट साधी हवी.

आता तुझ्या अंगावर बसण्याबद्दल. मला लिहायचं होतं ते मुख्यतः याबद्दलच.

रेने लावांद हा अर्जेंटिनाचा जादूगार मी पुन्हा पुन्हा बघतो. नऊ वर्षांचा असताना गाडीच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला. पत्त्यांची सगळी पुस्तकं दोन हातांच्या माणसासाठी लिहिलेली. त्याने एका हाताने जमेल असं सगळं नव्याने बांधलं. वेगात तो कुणाच्या पुढे जाणार नव्हता, म्हणून तो संथ झाला. टेबलाशी बसून, गोष्ट सांगत, तोच प्रयोग आणखी हळू, मग आणखी हळू करायचा आणि शेवटी म्हणायचा की यापेक्षा हळू करता येत नाही. पावाचे तीन कण आणि एक कप, एवढ्यावर त्याने माणसं स्तब्ध केली आहेत. एक कण दूर टाकायचा, कपाखाली पुन्हा तीनच. हाच प्रयोग दोन हातांचा चपळ तरुण घाईघाईने करतो तेव्हा तो नुसता कोडं उरतो.

दुसरा कार्डिनी. मूळचा वेल्सचा. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंडीत हातमोजे घालूनच पत्त्यांचा सराव करायचा, आणि पुढे रंगमंचावरही मोजे घालूनच त्याच्या बोटांत पत्त्यांचे पंखे उमलायचे. पण मला जास्त शिकवून गेलं ते त्याचं पात्र. एका डोळ्याचा चष्मा, उंची पोशाख, रात्री उशिरा झिंगत परतलेला सभ्य गृहस्थ. पत्ते हवेतून त्याच्या हातात येतात ते त्याला नकोच आहेत! तो टाकून देतो, ते परत येतात, आणि तो बिचारा आपल्याइतकाच चकित होतो. पत्ते का येताहेत हा प्रश्नच मग कुणाला पडत नाही. हे पात्र आधी, पत्ते नंतर.

आपल्याकडे थोरल्या पी. सी. सरकारांनी महाराजाचा वेश घेतला, ‘इंद्रजाल’ उभं केलं, आणि त्या वेशाला साजेल असं सगळं भव्य ठेवलं. 1956 साली बीबीसीवर त्यांनी करवतीने मुलीचे दोन भाग केले, कार्यक्रमाची वेळ तिथेच संपली, आणि घाबरलेल्या प्रेक्षकांचे फोन सुरू झाले. तो माणूस तेवढ्या आकाराचाच होता. तू यादीच्या शेवटी फेटा आणि जरीचा अंगरखा लिहिला आहेस, तो खोड. सोसायटीत तुला सगळे ओळखतात. सकाळी दुधाची पिशवी आणायला जाणारा माणूस संध्याकाळी महाराज झाला तर पहिली पाच मिनिटं लोक कपडेच बघत बसतील. तुझा तो पांढरा शर्ट आणि खिशाला पेन, हेच ठेव.

तुझ्यापाशी काय आहे ते मी सांगतो, कारण तू स्वतः ते यादीत कुठेच धरलेलं नाहीस. तू भूमिती शिकवतोस. प्रश्न विचारून थांबायची तुला सवय आहे. वर्ग अस्वस्थ झाला तरी तू उत्तर सांगत नाहीस. ते थांबणं जादूत फार मोलाचं आहे. नवशिके तिथेच घाई करतात. तुझा आवाज बारीक आहे पण स्पष्ट आहे. आणि लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे: मास्तर सांगतात म्हणजे मोजून सांगतात.

म्हणून तीन दोऱ्यांचा प्रयोग तुझाच आहे. एक आखूड, एक मध्यम, एक लांब. मुलाला बोलावून पट्टीने मोजायला लाव, आकडे मोठ्याने म्हणायला लाव. मग तिन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या होतात. इथे काही बोलू नकोस. वर्गात एखादं प्रमेय चुकीचं सिद्ध झाल्यावर तू जसा फळ्याकडे बघत राहतोस, तसा दोऱ्यांकडे बघ. मग पुन्हा आखूड, मध्यम, लांब. दुसऱ्या कुणी केला तर हा दोऱ्यांचा खेळ असतो; तू केलास तर मास्तरांच्या पट्टीचाच प्रश्न होतो. शेवटच्या रांगेतल्यालाही तो दिसतो, आणि सगळं सामान खिशात मावतं.

याच कारणासाठी आकड्यांचे प्रयोग मात्र टाळ. मनात संख्या धरा, दुप्पट करा, त्यात अमुक मिळवा, आणि माझ्याकडे उत्तर आधीच लिहिलेलं आहे: हे तुला सोपं जातं म्हणून तू घेतलंस. पण तू गणिताचा मास्तर आहेस, तेव्हा लोक म्हणणार, काहीतरी गणित असेल. तुझ्या ओळखीनेच त्यांना उत्तर पुरवलं, मग ते बरोबर असो वा नसो. हेच प्रयोग एखाद्या किराणा दुकानदाराने केले तर रंगतील.

नोटेचा प्रयोग ठेव: प्रेक्षकाकडून घेतलेली नोट गायब होते आणि फळातून निघते. उसनी घेतलेली वस्तू माणसाला सगळ्यात जवळची, आणि पैसा तर त्याहून. फक्त नोटेवर सही करून घेऊ नकोस. मास्तरने मुलांसमोर नोटेवर लिहावं हे बरं दिसत नाही. नोटेच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे एखाद्या मुलीकडून फळ्यावर लिहून घे. आणि नोट लिंबातून काढू नकोस. जगभर हा प्रयोग लिंबातूनच होतो हे खरं, पण आपल्याकडे कापलेलं लिंबू म्हटलं की लोकांच्या मनात करणी, उतारा, दारावरची लिंबू-मिरची येते, आणि आधीच्या हसण्याखेळण्यात उगाच दुसराच सूर मिसळतो. मोसंबी घे. ती एखाद्या आजींच्या मांडीवर सुरुवातीपासून ठेवायला दे, आणि शेवटी त्यांनाच सोलायला सांग. आजींच्या हातात रसाने भिजलेली नोट, आणि मुलगी फळ्यावरचे आकडे वाचतेय: हे चित्र तिथला प्रत्येक जण घरी घेऊन जाईल.

करणीचं निघालंच आहे तर आणखी एक. मन ओळखण्याचे दोन प्रयोग तू लिहिले आहेस. एक ठेव, पण ही शक्ती आहे असं चुकूनही सुचवू नकोस. मी असा प्रयोग केल्यावर एकदा एक बाई सगळे गेल्यावर थांबल्या आणि हलक्या आवाजात विचारू लागल्या, की घरातलं सोनं गेलंय, कुणी नेलं ते सांगाल का. त्या थट्टा करत नव्हत्या. मी त्यांना तिथेच बसवून सांगितलं की हा सराव आहे, मला काहीही दिसत नाही. आपल्या राज्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हेच चमत्कार गावोगाव करून दाखवले, ते लोकांना सावध करायला. 2013 साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या राज्यातला शिक्षक आहेस तू. प्रयोगाआधीच हसत सांगून टाक की मी निरीक्षण करतो आणि तुम्हाला फसवतो. याने मजा कमी होत नाही. सांगूनही फसवलं तर लोक जास्त खूश होतात.

मंडपाचा विचार केलास का? तिथे प्रेक्षक फक्त समोर नसतात. मुलं सतरंजीवर थेट पायाशी येऊन बसतात, दोन जण स्पीकरच्या मागून डोकावतात, प्रसादाचं ताट घेऊन कुणीतरी तुझ्या पाठीमागून जातं. ट्यूबलाइटच्या उजेडात काळा धागाही चमकतो. पंखा पूर्ण वेगात असतो, त्यामुळे रेशमी रुमाल आणि कागदाचे कपटे विसर. वर्तमानपत्र फाडून जोडायचा प्रयोग पंख्याची दिशा बघूनच घे. मागून दिसू नये असे प्रयोग सभागृहात ठीक, इथे नाहीत. रस्त्यावर खेळ करणारे आपले जादूवाले चारी बाजूंनी माणसं असताना जमिनीवर बसून लाकडी कपांचा खेळ करतात. त्यांचे कप वर बोंड असलेले, ते बोंड बोटांत धरून उचलायचे, गोळ्या कापडाच्या. शतकानुशतकं घोळक्यात टिकलेला खेळ आहे तो. शिकायला वेळ लागेल, म्हणून या वर्षी नको, पण पुढच्या गणपतीसाठी आजपासून धर. मला स्वतःला त्याहून सुंदर खेळ माहीत नाही.

ती महागडी रंगीत पेटी घेऊ नकोस. त्या पेटीतून कबूतर निघालं तर लोक म्हणतात पेटीत काहीतरी आहे, आणि ते बरोबरच म्हणतात. दोरी, नोट, मोसंबी, आजचा पेपर: यांच्यावर कुणी संशय घेत नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे भव्य कार्यक्रम तिथल्या ज्येष्ठांनी बघितलेले असणार. आकारात तू त्या आठवणीशी टक्कर देऊ नकोस. हातभर अंतरावरून, त्यांच्याच नोटेने, त्यांच्याच नातीच्या मदतीने जे होतं, ते मोठ्या रंगमंचावर करता येत नाही.

अर्ध्या तासाला पाच-सहा प्रयोग पुष्कळ. पहिला न बोलता, मिनिटभरात संपणारा, म्हणजे गप्पा थांबतील. दोऱ्या दुसऱ्या. नोट शेवटी, कारण मोसंबी सोलल्यावर त्यापुढे काही टिकत नाही. ज्याला पुढे बोलावशील त्याचं नाव विचार आणि त्याला हसण्याचा विषय करू नकोस. तो जिंकतोय असं दिसू दे. यादीतल्या अंगठीच्या प्रयोगाबद्दल फोनवर बोलू, तो मला आवडला.

आता काम. या आठवड्यात दोऱ्यांचा आणि नोटेचा, एवढे दोनच प्रयोग घरी वहिनींना दाखव. दुसऱ्या दिवशी त्यांना ते शेजारच्यांना सांगू दे, तू मध्ये बोलू नकोस. त्या जे सांगतील ते जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. कुठे अडखळल्या तेही लिही. तुझ्याकडून काय झालं याचं वर्णन मला नको. वहिनींचं आलं की मग उरलेले तीन-चार प्रयोग ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना दोस्त