केसपेपरच्या मागचं चित्र

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

परत दवाखान्यात आलो तेव्हा कळलं, तुमची नाशिकहून बदली झाली. म्हणून हे असं उघड लिहितोय.

माझी आई, निफाडकडची. विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, पंप चालूच होता. पाय सुजतात म्हटलं की जो तो म्हणायचा, वय झालं. त्या दिवशी ओपीडीची रांग दारापर्यंत होती, तरी तुम्ही खाली वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबलात. पडलेला खड्डा कितीतरी वेळ भरला नाही. मग मानेची शीर बघितलीत आणि म्हणालात, "आजी, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेऊ."

आजार फुफ्फुसाचा, मग पाय का सुजावेत? तुम्ही केसपेपर उलटा करून रक्तवाहिनी काढलीत. आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यानं वाहिनी सैल होते. त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. धुरानं ते अस्तरच बिघडतं. शिवाय फुफ्फुसात जिथं हवा पोचत नाही, तिथली वाहिनी आपणहून आकसते, रक्त चांगल्या भागाकडं जावं म्हणून.

आई लगेच म्हणाली, "म्हंजे भरलेल्या वाफ्याचं दारं बंद करून पाणी पुढं सोडायचं."

"बरोबर आजी. आणि सगळ्याच वाफ्यांची दारं बंद झाली तर?"

"पाणी पाटातच तुंबंल की!"

तेच झालं होतं. फुफ्फुसातला दाब वाढलेला, हृदयाची उजवी बाजू थकलेली, पाणी पायात उतरलेलं. इतकी वर्षं दवाखाने केले, पण तिचं दुखणं तिच्याच शेताच्या भाषेत तिला पहिल्यांदा तुम्ही समजावलंत. मला तर तिथंच रडू आलं.

आता लघवीची गोळी चालू आहे. ऑक्सिजनचं मशीन तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिवसाला १५ तासांच्या वर. थंडीत तिला धाप लागली तेव्हा शेजारचे काका मशीनचा काटा वाढवायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ पुरे, जास्त दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, हे तुमचं वाक्य पाठ होतं. चूल मोडली. सूज बरीच ओसरली, ओट्यापर्यंत ती आपली आपण चालत येते.

तो केसपेपर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. कुठं आहात तेवढं कळवा. आईनं तुमच्यासाठी घरच्या बेदाण्यांचा डबा बाजूला काढून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही.