ताई, थंड प्लाझ्मा समजावलात त्याबद्दल

आदरणीय ताई,

आभाराचा मेसेज केला की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

एम.एस्सी.च्या सेमिनारला चुंबकावरणातल्या (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या अंतराळातल्या आवरणातल्या) थंड प्लाझ्माचं, म्हणजे कमी ऊर्जेच्या विद्युतभारित कणांच्या वायूचं, मापन हा विषय पदरात पडला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हे विचारायचं कोणाला? तुमचं माहेर शेजारच्या गावचं, एवढ्याच ओळखीवर फोन केला. तुम्ही संशोधनाचं काम आटोपून रात्री बोलत राहिलात.

गणितं मला सुटत होती. अडचण नेमकी कुठं आहे तेच उमगत नव्हतं. तुम्ही आधी तीच मांडलीत. उन्हातल्या उपग्रहावरून अतिनील किरणं इलेक्ट्रॉन उडवतात. भोवतीचा प्लाझ्मा विरळ असला की उपग्रहावर कित्येक व्होल्टचा धन विद्युतदाब चढून बसतो. पृथ्वीच्या आयनावरणातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) वर आलेल्या थंड आयनांची, म्हणजे धनभारित कणांची, ऊर्जा त्यापुढं तोकडी पडते, आणि ते यंत्राच्या दारातूनच परत फिरतात. यंत्र ठणठणीत, तरी नोंद कोरी. ‘‘मग आयन नाहीतच म्हणायचं का?’’ असं विचारून तुम्ही गप्प बसलात. राग आला होता, खरं सांगतो.

मग म्हणालात, अडाण नदीच्या पुरात पुलाच्या खांबामागं बघ. पाणी खांबाला घालतं तसे वेगानं येणारे आयन उपग्रहाला वळसा घालून जातात, मागची पोकळी त्यांना लगेच भरता येत नाही. चपळ इलेक्ट्रॉन मात्र तिथं शिरतात आणि उपग्रहामागं ऋणभारित शेपटी तयार होते. कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली तुमची ती आकृती अजून फोनमध्ये आहे: लाल ठिपके, निळी शेपटी आणि कोपऱ्यात दुधाचा हिशोब!

2000 साली सोडलेल्या युरोपच्या क्लस्टर मोहिमेच्या चार उपग्रहांवर तारांच्या टोकांना, एकमेकांपासून 88 मीटर अंतरावर, विद्युतक्षेत्र मोजणारे गोळे होते. त्यांना या शेपटीचं विद्युतक्षेत्रही जाणवायचं. दुसरं यंत्र इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचं. तो चुंबकक्षेत्रात लांबवर फेरी मारून परत यायचा, त्याला शेपटीची बाधा जवळजवळ नाही. दोन्ही मोजमापांतल्या फरकावरून आयनांचा वेग आणि उपग्रहाच्या व्होल्टेजवरून घनता निघाली. ज्याला लोक बिघाड म्हणून काढून टाकत, त्यातूनच मोजमाप!

2009 मध्ये स्वीडनच्या एंगवाल, आंद्रे आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: सेकंदाला साधारण 10 चा 26 वा घात इतके आयन पृथ्वीवरून बाहेर जातात. सगळे हायड्रोजनचे धरले तर दिवसाला 140 क्विंटलच्या वर. (आमच्याकडं क्विंटलशिवाय काही पटत नाही.) आजीनं लगेच विचारलं, ‘‘मंग हवा सरन का रे?’’ तुम्ही सांगितलंत तसा भागाकार करून दाखवला. वातावरणाचं वस्तुमान 5 गुणिले 10 चा 18 वा घात किलो, म्हणजे या दरानं लाख कोटी वर्षं लागतील. तिचं समाधान झालं, ती तूर निवडायला गेली.

सेमिनार चांगला झाला. बी.एस्सी.च्या दोन पोरी तुमचा नंबर मागताहेत. देऊ का, तेवढं कळवा.

तुमचा,
दारव्हा तालुक्यातला विद्यार्थी