फायरवॉलच्या कमांड पोरांकडून टाईप करून घ्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी सांगली-सातारा भागातल्या पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने यांचं नेटवर्क बघतो. बरीच वर्षं झाली या कामात, आणि एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहितोय. डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून आमच्याकडं येणारी पोरं हुशार असतात, पोर्ट नंबर (कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराचा नंबर) तोंडपाठ असतात, पण फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कमध्ये काय येऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेची, कमांड टाईप करायची काळी स्क्रीन समोर ठेवली की हात थांबतात, कारण सवय सगळी ब्राउझरच्या पॅनेलवर टिक करायची.

मागच्या पावसाळ्यात एका पतसंस्थेत गेलो होतो. मॅनेजर साहेब म्हणाले रिमोट डेस्कटॉप (लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय) बाहेरून कधीच बंद केलंय, आणि पॅनेलवर त्याच्या ३३८९ पोर्टपुढं 'ब्लॉक' दिसतही होतं. मी लिनक्सच्या फायरवॉलवर एसएसएचनं (लांबून सुरक्षितपणे कमांड द्यायची सोय) शिरलो आणि आयपीटेबल्सला (लिनक्सवर फायरवॉलचे नियम सांभाळणारी कमांड) फॉरवर्ड चेनचे, म्हणजे फायरवॉलमधून आरपार जाणाऱ्या माहितीचे, नियम ओळ नंबर आणि प्रत्येक नियमाला लागलेल्या पॅकेटच्या (माहितीच्या तुकड्यांच्या) आकड्यासकट दाखवायला सांगितले, तर ओळ ४ ला हाच पोर्ट कुठूनही आला तरी सोडा आणि ओळ ११ ला ड्रॉप, म्हणजे टाकून द्या! ड्रॉपपुढं शून्य पॅकेट. तीच कमांड परत मारेपर्यंत ओळ ४ चा आकडा वाढलेला. नियम वरून खाली तपासले जातात, सोडा नाहीतर टाका असं ज्या ओळीवर आधी ठरलं तिथंच विषय संपतो, खालचं कोण बघतंय. कुणीतरी सपोर्टवाल्यासाठी दोन दिवसांपुरतं उघडलेलं आणि बंद करताना नवीन नियम शेवटी जोडला गेला, जुना तसाच राहिला. ओळ ४ उडवली, नियम सेव्ह केले (सेव्ह नाही केले तर मशीन रीस्टार्ट झालं की जुनेच परत येतात), पाच मिनिटांचं काम. पण तोपर्यंत लोकांच्या ठेवींच्या नोंदी असलेलं मशीन जगाला उघडं होतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कमांडनं चूक झाली तर आपणच बाहेर अडकतो ही भीती खरी आहे. सुरुवातीला मी एसएसएचचा २२ नंबर पोर्ट उघडायच्या आधीच इनपुटची पॉलिसी (मशीनकडं येणारं जे कुठल्याच नियमात बसत नाही त्याचं काय करायचं ते) ड्रॉप केली, सेशन जागेवर गोठलं, रात्री गाडी काढून मॉनिटर जोडायला जावं लागलं. पण त्यावर उपाय आहेत ना. आयपीटेबल्स-अप्लाय नावाचं टूल नियम लावून विचारतं, आपण वेळेत हो म्हटलं नाही तर जुने नियम परत लावतं. सिस्को कंपनीच्या उपकरणावर बदलाआधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) देऊन ठेवायचं, ज्युनिपर कंपनीच्या उपकरणावर 'कमिट कन्फर्म्ड', दहा मिनिटांत पक्कं नाही केलं तर आपोआप मागं. हे पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवायला पाहिजे.

त्याला खर्चही नाही, एका लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरनं चालणारे कॉम्प्युटर) पुरतात. पोरांना अडकू द्या, सोडवू द्या, आणि सोबत आयपीटेबल्सच्या जागी आलेलं एनएफटेबल्सपण घ्या, ते २०१४ पासून लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे तरी पोरांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

आणि संस्थाचालकांना विनंती, दर महिन्याला व्हेंडरकडून सगळ्या नियमांची आकड्यांसकट प्रिंट मागा. त्या पतसंस्थेत आता एक तारखेला ती फाईलला लागते, आणि परवा मॅनेजर साहेबांनीच फोन करून विचारलं, ओळ ७ ला तीन महिने शून्यच आहे, ती ओळ लागते का आपल्याला?

– एक नेटवर्कवाला, जि. सांगली