पेशी कुठल्या, डोस किती, हेही छापा

संपादक महोदय,

माशाच्या तेलाने कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा अर्थाची बातमी आपल्या आरोग्य पानावर आली. तिचे कात्रण लगेच आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरले, कारण माझ्या धाकट्या भावाची सध्या सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाची केमो चालू आहे. पाठोपाठ एक नातेवाईक कॅप्सूलची बाटली घेऊन हजर. मायेने आणलेली, रागावणार तरी कसे? पण मी नोकरीभर फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या आहेत, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

असा प्रयोग ९६ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये होतो. कर्करोगाच्या पेशींवर माशाच्या तेलातल्या मेदाम्लाचे (फॅटी अ‍ॅसिडचे) कमीजास्त डोस सोडतात आणि शेवटी एमटीटी नावाचे पिवळे द्रावण घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग फिका पडला की पेशी मेल्या किंवा मंदावल्या. १९८३ पासूनची ही पद्धत स्वस्त आहे, चांगलीही आहे. पण मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही. ते बहुधा अल्कोहोलमध्ये घेतात, आणि जास्त झाले तर नुसत्या अल्कोहोलनेही पेशी मरतात. म्हणून तेवढेच अल्कोहोल दिलेले कप्पे शेजारी हवेतच. माशाच्या तेलातली मेदाम्ले हवेने लवकर खवट होतात, कधी पेशी त्या खवटपणानेच मरतात. शिवाय रक्तात मोकळे मेदाम्ल अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. प्लेटमध्ये अल्ब्युमिन कमी असले की तोच डोस कितीतरी जहाल ठरतो. आणि मुख्य म्हणजे, तो डोस निरोगी पेशींना देऊन पाहिला का? त्याही तितक्याच मरत असतील तर त्याला औषध कसे म्हणायचे? बातमीत यातले एक अक्षर नव्हते.

कर्करोग होऊ नये म्हणून हे तेल घ्यावे, तर अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते. निम्म्यांना रोज १ ग्रॅमची ओमेगा-३ (माशाच्या तेलातली मेदाम्ले) कॅप्सूल पाच वर्षांहून अधिक काळ दिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: कर्करोगाचे प्रमाण घटले नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. माशाच्या तेलातल्या ‘१६:४ (एन-३)’ नावाच्या एका मेदाम्लामुळे उंदरांमध्ये सिस्प्लॅटिनचा परिणाम बोथट होतो, असे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. २०१५ मध्ये बाजारातल्या तेलांत ते सापडले, आणि तेल घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातही वाढलेले दिसले. हेरिंग आणि मॅकरेल हे मासे खाल्ल्यावरही तेच. (आपला बांगडा, म्हणजे इथला मॅकरेल, त्या अभ्यासात नव्हता, रत्नागिरीकरांनी लगेच घाबरू नये.) रुग्णांमध्ये हे सिद्ध झालेले नाही. तरी केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचे तेल टाळावे, असा सल्ला त्या संशोधकांनी दिला. भावाच्या डॉक्टरांनीही बाटली बंदच ठेवायला सांगितली. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, त्यांनी तुमची बातमी वाचून काय केले असेल?

प्रयोग प्लेटमधला, उंदरावरचा की माणसावरचा, हे यापुढे मथळ्यातच द्यावे. आणि केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय माशाचे तेल घेऊ नये, एवढे एक वाक्य त्याच पानावर, तितक्याच मोठ्या टायपात या आठवड्यात छापावे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी